रुमालाखालचा भाव

शेतमालाच्या बाजारात पूर्वी हत्ता पद्धत चालायची. अडत्या, म्हणजे शेतकऱ्याचा माल विकून देणारा दलाल, आणि खरेदीदार हातात हात घ्यायचे, वरून रुमाल टाकायचे आणि आत बोटं दाबून भाव ठरवायचे. कोणतं बोट म्हणजे किती, हे त्यातल्यांनाच ठाऊक. ज्याचा माल, तो शेतकरी बाजूला उभा राहून रुमाल हलताना बघायचा. हात सुटले की अडत्या सांगेल तो आकडा. शेजारच्या ढिगाला काय मिळालं हे विचारावं, तर तो सौदाही रुमालाखालीच झालेला. गुरांच्या बाजारात हा प्रकार अजून कुठे कुठे दिसतो आणि बघ्यांना त्याची गंमतही वाटते. ज्याचा बैल विकला जातोय त्याला ती कितपत वाटत असेल, कोण जाणे.

हा रुमाल आपोआप गेला नाही, कायद्याने काढावा लागला. त्या कामात आपल्या विदर्भाचं नाव जुनं आहे. वऱ्हाडातल्या कारंज्याला १८८६ साली देशातला पहिला नियंत्रित बाजार सुरू झाला आणि १८९७ साली कापूस-धान्याच्या बाजारांसाठी बेरारचा, म्हणजे वऱ्हाडाचा, स्वतंत्र कायदा आला. इंग्रजांना शेतकऱ्याचा कळवळा आला होता, अशातला भाग नाही. मँचेस्टरच्या गिरण्यांना चांगला कापूस बेताच्या भावात हवा होता, एवढंच. पण बाजार म्हटला की त्याला चारचौघांनी मान्य केलेले नियम असतात, ही गोष्ट तिथे रुजली. पुढे महाराष्ट्राचा १९६३ चा कृषी उत्पन्न बाजार कायदा आला आणि गुप्त खुणांनी भाव ठरवायला नियमानेच मनाई झाली.

आज नागपुरात कळमन्याच्या बाजार आवारात संत्र्याच्या आंबिया बहाराच्या दिवसांत सकाळी जाऊन बघा. संत्र्याचे ढीग लागलेले असतात, व्यापाऱ्यांचा घोळका एका ढिगावरून दुसऱ्यावर सरकतो, बोली मोठ्याने होते आणि टनाचा भाव सगळ्यांच्या कानांवर पडतो. काटोल-नरखेडचा शेतकरी तिथूनच घरी फोन लावून सांगतो. तिथे सगळं आलबेल आहे असं मुळीच नाही. व्यापारी आपसात ठरवून बोली खाली ठेवतात ही तक्रार जुनीच आहे. पण भाव उघड असतो, त्यामुळे तो पडला की सगळ्यांना एकदम कळतं, आणि डोकं फिरलेले शेतकरी लिलाव बंद पाडतात. बंद पाडायला आधी काहीतरी समोर चालू असावं लागतं.

माझं म्हणणं असं की मोबाइलमधल्या बाजाराने हा रुमाल पुन्हा अंथरला आहे, आणि त्याखाली आता शहरातल्या ग्राहकाचा हात आहे. तंत्रज्ञानाने आपल्याला चंगळवादी केलं, आळशी केलं, पोरं बिघडवली, असं बरंच बोललं जातं. त्यातलं निम्मं खरं असेलही. पण त्याहून मोठा बदल झालाय तो हा, की गिऱ्हाईक एकटं पडलं. त्याच क्षणी त्याच वस्तूला दुसऱ्या माणसाला काय भाव सांगितला गेला, हे त्याला कधीच कळत नाही. बाकीच्या बऱ्याच गोष्टी, आपल्या खरेदीच्या सवयी आणि आपली भांडणंसुद्धा, या एका गोष्टीमागून बदलत गेल्या.

मागे गोकुळपेठेत तर्री-पोह्याच्या गाडीजवळ आम्ही चौघे उभे होतो. एकाला सोनेगावला विमानतळावर जायचं होतं. त्याने टॅक्सीचं भाडं बघितलं, तोंड वाकडं केलं आणि दुसऱ्याला म्हणाला, तुझ्यात बघ. मग चौघांनी चार फोन काढले. तेच ॲप, तोच कोपरा, तेच ठिकाण, तीच गाडीची जात, आणि चार वेगळे आकडे. सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी भाड्यातल्या फरकात आमच्या चौघांचे पोहे झाले असते. ज्याला सगळ्यात महाग पडत होतं त्याला लगेच ऐकून घ्यावं लागलं, "तुहा आयफोन हाय ना बे, मंग लागनच!" आम्ही हसलो, स्वस्तवाल्याच्या फोनवरून गाडी बोलावली आणि विषय संपला.

हा संशय फक्त आमच्या पोह्याच्या गाडीवरचा नाही. जानेवारी २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने याच मुद्द्यावर, म्हणजे आयफोन आणि अँड्रॉइडवर वेगळं भाडं दाखवण्याच्या तक्रारींवर, ओला आणि उबरला नोटीस काढली. दोन्ही कंपन्यांनी इन्कार केला. कदाचित त्या खरंच बोलत असतील. आमच्या चौघांच्या आकड्यांमागेही सतरा कारणं असू शकतात. एकाला कूपन लागू असेल, एकाने महिनाभरात गाडी बोलावली नसेल म्हणून त्याला परत ओढायचं असेल, मधल्या अर्ध्या मिनिटात मागणी वाढली असेल. पण यातलं कोणतं कारण खरं, हे शोधण्याचा मार्ग आमच्यापैकी कोणाकडेही नव्हता. फरक आहे हेसुद्धा आम्हाला कळलं, ते चौघे योगायोगाने एकत्र उभे होतो म्हणून. एरवी माणूस गाडी बोलावतो तो एकटाच, घाईत, हातात बॅग घेऊन.

इथे एक गोष्ट वेगळी काढली पाहिजे, नाहीतर कंपन्यांचे वकील ती पुढे करतातच. भाव बदलणं यात काही पाप नाही. कळमन्याला सकाळचा भाव दुपारी राहत नाही. कॉटन मार्केटमध्ये मेथीची जुडी पाऊस लागला की दुप्पट होते. पण ती सगळ्यांनाच दुप्पट होते. विमानाचं तिकीट दिवाळीत महागतं, ते सगळ्यांना महागतं. माझा आक्षेप वेळेनुसार बदलणाऱ्या भावाला नाही, माणसागणिक बदलणाऱ्या आणि तसं न सांगणाऱ्या भावाला आहे.

आता कोणी म्हणेल, इतवारीतला शेठ काय वेगळं करत होता? बरोबर आहे. गिऱ्हाइकाची चप्पल बघून भाव सांगणं ही कला सिलिकॉन व्हॅलीने शोधलेली नाही. अंगावरचे कपडे, बोलण्याची ढब, गाव कोणतं, आडनाव काय, यावरून कोणता माल दाखवायचा आणि काय भाव सांगायचा हे गादीवर बसल्याबसल्या ठरायचं. कित्येकांना तर दुकानात बसायलाही सांगितलं जात नसे. दलित वस्तीतून आलेल्या माणसाला कपाटातला चांगला कोट दाखवण्याआधी "परवडेल का" असं विचारणारे दुकानदार याच शहरात होते. बायकांना आतले कपडे किंवा सॅनिटरी पॅड घेताना दुकानातल्या पुरुषांच्या नजरा झेलाव्या लागत, ते वर्तमानपत्रात गुंडाळून दिलेलं पुडकं लपवत घरी आणावं लागे. ॲपने हा जाच एका फटक्यात कमी केला. गडचिरोलीतल्या पोरीला हवं ते पुस्तक आणि हव्या त्या मापाचा बूट घरी येतो, ही साधी गोष्ट नाही. जुना बाजार फार मायाळू होता आणि आता सगळं यंत्रवत झालं, असं गळा काढणाऱ्यांत मला सामील व्हायचं नाही.

पण त्या शेठचा भाव तोडायला गिऱ्हाइकाकडे हत्यारं होती, आणि ती सगळी माणसांची होती. लग्नाचा बस्ता बांधायला इतवारी-गांधीबागेत जायचं तर घरातली पाच-सात माणसं निघायची. त्यात एक मावशी असायचीच. गुमास्ता गादीवर साड्यांच्या घड्या भराभरा उलगडत जायचा, नवरीच्या आईचा एखाद्या काठावर जीव जडायचा, आणि तो चेहऱ्यावर दिसायच्या आत मावशी खालून तिचा पाय दाबायची. मग चेहरा दगडासारखा करून म्हणायची, "राहू द्या जी, समोरच्याकडे बघून येतो." उठून जोड्यात पाय घातला की भाव खाली यायचा. बाजूच्या गादीवर दुसऱ्या गावचं वऱ्हाड बसलेलं असायचं, त्यांना तीच साडी कितीला सांगितली हे कान देऊन ऐकलेलं असायचं. शेठला हे सगळं ठाऊक, आणि त्याला हे ठाऊक आहे हे मावशीला ठाऊक.

खरेदीला सोबत माणूस नेण्याचा खरा उपयोग हा. भाव करण्यापेक्षाही त्या सोबतच्या माणसाचं मोठं काम म्हणजे "चल, नको घेऊ" असं म्हणणं. ॲप बनवणाऱ्यांनी जे काही हुशारीने घडवलं असेल त्यात हे पहिलं, की खरेदीच्या क्षणी ही मावशी आसपास नसावी. म्हणून रात्री साडेअकराला, घर झोपल्यावर, पडल्या पडल्या सूचना येते की तुम्ही बघितलेला बूट आता स्वस्त झालाय. म्हणून "फक्त दोनच उरले" असं लाल अक्षरांत येतं. दोन उरले की दोनशे, कोण मोजायला जाणार? नागपुरात कोणत्याही मोठ्या ऑफिसच्या रिसेप्शनपाशी दुपारी जाऊन उभं राहा, पार्सलांची चळत दिसेल. त्यातली बरीचशी मुद्दाम ऑफिसच्या पत्त्यावर मागवलेली असतात, घरी कळू नये म्हणून. नवऱ्याची बायकोला नाही, बायकोची सासूला नाही, असा हा गुपचूप बाजार आहे. आणि तो फक्त तरुणांचा आहे असं समजू नका, पेन्शनीला आलेल्या काकांची पार्सलंही त्यात असतात. पूर्वीही लोक उधळपट्टी करत. पण तिची घरात चर्चा व्हायची, टोमणे बसायचे, पुढच्या वेळी हात जरा आखडायचा.

ही फसवणूक सरकारला कळत नाही असंही नाही. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्राने ‘डार्क पॅटर्न’, म्हणजे गिऱ्हाइकाला चकवणाऱ्या स्क्रीनवरच्या क्लृप्त्या, रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात तेरा प्रकार नावानिशी दिले आहेत. खोटी घाई करणं, न मागितलेली वस्तू टोपलीत सरकवणं, सदस्यत्व घ्यायला एक बटण आणि सोडायला भुलभुलैया ठेवणं, ‘नको’ म्हणणाऱ्याला लाज वाटेल अशी भाषा वापरणं, किंमत थोडी थोडी उघड करत जाणं. यादी वाचताना मला आपली मारबत आठवली. तान्ह्या पोळ्याला काळी-पिवळी मारबत निघते, सोबत त्या त्या वर्षीच्या पीडांचे बडगे, म्हणजे पुतळे, असतात, आणि लोक ओरडत त्यांना शहराबाहेर नेऊन जाळतात. तेरा बडग्यांची वर्गवारी सरकारने करूनच ठेवलीय, मंडळांनी आता फक्त बांबू आणि कागद आणायचा. गंमत सोडा. जून २०२५ मध्ये प्राधिकरणाने कंपन्यांना सांगितलं की तीन महिन्यांत स्वतःची तपासणी स्वतःच करा. झाली तपासणी. बऱ्याच बड्या कंपन्यांनी आमच्याकडे असलं काहीही नाही, असं लिहून दिलं. आपल्या तराजूची तपासणी दुकानदारानेच करावी आणि ठीक असल्याचा शिक्काही त्यानेच मारावा, असं वजनमापवाल्यांनी कधी म्हटलेलं ऐकलंय का?

किंमत थोडी थोडी उघड करण्याचा प्रकार तर आपण रोज बघतो. जेवणाचा भाव एक दिसतो, मग पॅकिंग, डिलिव्हरी, पाऊस असेल तर पावसाचे, ऑर्डर लहान असेल तर लहानपणाचे, आणि वर ‘प्लॅटफॉर्म फी’. ही शेवटची २०२३ मध्ये स्विगी आणि झोमॅटोने दोन रुपयांपासून सुरू केली, बघता बघता ती दहाच्या पुढे गेली. दोन रुपयांसाठी कोण भांडतं? न भांडण्याची सवय लागल्यावर दहा झाले. पाकिटावर एमआरपी छापणं सक्तीचं झाल्याला तीन दशकं उलटून गेली. त्या छापील आकड्याने गावातल्या अडाणी म्हणवल्या जाणाऱ्या बाईला दुकानदाराशी बरोबरीने बोलण्याची ताकद दिली होती. आकडा आजही पाकिटावर आहे, फक्त स्क्रीनवर तो खोडलेला दिसतो आणि त्याच्यापुढे आपल्यासाठी खास असा एक वेगळा आकडा असतो. खोडलेला आकडा दाखवायचा तो आनंद देण्यासाठी.

आता रुमालाच्या दुसऱ्या टोकाकडे वळू, कारण तिथेही हात आहेत. दारात पिशवी घेऊन येणाऱ्या पोराला या फेरीचे किती मिळाले, हे त्याला कळतं. त्याच फेरीचे दुसऱ्याला किती मिळाले असते, हे त्याला कळत नाही. आज अमुक ऑर्डरी पूर्ण केल्या तर वर इतके, हे आमिष प्रत्येकाच्या फोनवर वेगळं असू शकतं. धरमपेठेत किंवा मनीषनगरात एखाद्या हॉटेलसमोर ही पोरं गाड्यांवर बसून एकमेकांना फोन दाखवताना दिसतात. ती काही रील बघत नसतात, आकडे ताडून बघत असतात. पोह्याच्या गाडीवर आम्ही जे हसत हसत केलं ते त्यांना पोटासाठी करावं लागतं. हॉटेलवाल्याचंही तेच. त्याला कमिशन किती, यादीत त्याचं नाव वर का आणि खाली का, हे त्याच्या शेजाऱ्याला ठाऊक नसतं. म्हणजे गिऱ्हाईक, पोचवणारा आणि विकणारा, तिघांचे हात रुमालाखाली आहेत. तिघांची बोटं ज्याला कळतात असा अडत्या मात्र एकच. जुन्या हत्त्यातही खरी कमाई रुमालाची नसायची, दोन्ही बाजूंचे आकडे ज्याला माहीत त्याची असायची.

कर्नाटकाने २०२५ च्या आपल्या गिग कामगार, म्हणजे ॲपवर फेरीगणिक काम करणाऱ्यांच्या, कायद्यात कंपन्यांच्या आपोआप निर्णय घेणाऱ्या यंत्रणेबद्दल कामगाराला माहिती मिळण्याची तरतूद केली आहे. महाराष्ट्रातही तशी हवी. ती ग्राहकाच्या बाजूनेही मागितली पाहिजे, हे माझं पुढचं म्हणणं.

डिजिटल म्हटलं की हे असंच होणार, त्याला इलाज नाही, हा युक्तिवाद मला पटत नाही, आणि तो खोडणारा पुरावा आपल्या खिशात आहे. १४ एप्रिल २०१७ रोजी, आंबेडकर जयंतीला, पंतप्रधान नागपुरात आले होते. दीक्षाभूमीला भेट झाल्यावर मानकापूरच्या क्रीडा संकुलात ‘भीम-आधार’, म्हणजे अंगठा लावून आधारवरून पैसे देण्याची सोय, सुरू झालं. डिजिटल व्यवहार करणाऱ्यांसाठी सोडती निघाल्या, नवीन माणूस जोडला तर पैसे मिळण्याची योजना जाहीर झाली. कॅशबॅकची ती सवय मला आजही खटकते, पण यूपीआयची रचना बघा. २०१६ मध्ये सुरू झालेल्या या व्यवस्थेत कोणत्याही बँकेचा माणूस कोणत्याही ॲपवरून कोणालाही पैसे पाठवतो, नियम सगळ्यांना सारखे, वीस रुपये पाठवले तर वीसच पोचतात. चहाच्या टपरीवरची ती डबी तर किती रुपये मिळाले हे रस्त्याला ऐकू जाईल असं ओरडून सांगते. पैसे देणं इतकं उघड आणि भाव इतका गुप्त, असं एकाच फोनवर होऊ शकतं. कारण एका व्यवस्थेचे नियम बँकांच्या सामाईक संस्थेने आखले आणि दुसरीचे ज्याचा त्याने.

अर्थशास्त्राचे काही जाणकार म्हणतील की माणसागणिक भाव असेल तर गरिबाला स्वस्त आणि श्रीमंताला महाग देता येईल, हे तर बरंच झालं. कागदावर छान दिसतं. पण यंत्राला खिसा दिसण्याआधी नड दिसते. २०१६ साली उबरच्याच एका संशोधकाने सांगितलं होतं की फोनची बॅटरी संपत आलेला माणूस वाढीव भाडं जास्त सहज मान्य करतो. भाडं ठरवताना कंपनी हे वापरत नाही, असंही तो म्हणाला होता, आणि ते खोटं आहे असं म्हणायला माझ्याकडे काही आधार नाही. मुद्दा असा की नड मोजता येते हे त्यांना दहा वर्षांपूर्वीच कळलं होतं. मेडिकलमध्ये, म्हणजे आपल्या शासकीय रुग्णालयात, रात्री दोन वाजता नातेवाइकाला घेऊन जायचंय त्याची नड आणि मॉलला जायचंय त्याची हौस यांतला फरक ओळखू शकणारं यंत्र कोणाला जास्त आकारेल, हे धंदा कळणाऱ्या कोणालाही विचारा.

भांडण कसं बदललं, हेही बघण्यासारखं आहे. सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारात एकदा एक बाई भाजीवाल्यासमोर उभी राहून खणखणीत आवाजात विचारत होती, "काऊन जी, अर्धा किलो म्हणता अन् घरच्या काट्यावर कमी काऊन भरते?" भाजीवाला काट्याची शपथ घेत होता. पण तोवर मागच्या तिघींनी आपापल्या पिशव्या पुढे केल्या होत्या, "आमचंही मोजा." शेवटी शेजारच्या गाड्यावरच्या काट्यावर वजनं झाली. कोण खरं निघालं ते सोडा, तक्रार एकीची होती आणि मोजमाप चौघींचं झालं.

ॲपवर तक्रार केली की एक खिडकी उघडते. त्यात आधी यंत्र बोलतं, मग कोणीतरी गोड भाषेत दिलगीर होतं, आणि पन्नास रुपये खात्यात जमा होतात. मला असे पैसे मिळाले आहेत आणि मी गप्प बसलो आहे, बहुतेक जण बसतात. हरकत घेणाऱ्याला वेगळं काढून शांत करायचं, बाकीच्यांना कळूच द्यायचं नाही. त्यामुळे एकाच चुकीची हजार भांडणं हजार बंद खिडक्यांत मिटतात आणि चूक जिथल्या तिथे राहते. पूर्वी बाजारात ज्याला तमाशा म्हणून नाकं मुरडली जात, तो एक प्रकारचा लोकांचा अंकुश होता.

मग करायचं काय? ॲप काढून टाका, स्थानिक दुकानातूनच घ्या, हे आवाहन दर दिवाळीत व्हॉट्सॲपवर फिरतं आणि ते फिरवणाराच दहा मिनिटांत साखर मागवतो. त्यात दम नाही. मागणी भावाच्या उघडेपणाची केली पाहिजे. एकाच क्षणी, एकाच वस्तूचा, एकाच ठिकाणी भाव सगळ्यांना एक असावा, आणि नसेल तर तो का नाही हे त्याच स्क्रीनवर मराठीत लिहिलेलं असावं. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्याने २०२५ पासून यातलं एक पाऊल सक्तीचं केलं आहे. ग्राहकाची वैयक्तिक माहिती वापरून यंत्राने भाव ठरवला असेल, तर तसं त्या भावाजवळ स्पष्ट छापावं लागतं. आपल्याकडे २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत एकाच वर्गातल्या ग्राहकांत भेदभाव करू नये आणि मनमानी वर्गवारी करू नये असं लिहिलेलं आहेच. पळवाट ‘वर्ग’ या शब्दाभोवती आहे. जुनं गिऱ्हाईक एक वर्ग, नवं दुसरा, रात्री जागणारं तिसरं, असं म्हणत गेलं तर प्रत्येक माणसाचा एक वर्ग होईल. ही वर्गवारी कशी केली हे कंपनीला उघड करायला लावणं, एवढी दुरुस्ती नियमांत हवी.

त्या दुरुस्तीची वाट बघत बसण्याचं मात्र कारण नाही. ग्राहक चळवळ आपल्या महाराष्ट्राला नवी नाही. बिंदुमाधव जोशींनी पुण्यात १९७४ साली ग्राहक पंचायत उभी केली, तेव्हा ग्राहक संरक्षणाचा कायदासुद्धा नव्हता, तो १९८६ ला आला. आता २०१९ चा कायदा हाताशी आहे आणि त्यात एकट्या पडलेल्या गिऱ्हाइकाच्या कामाच्या तीन गोष्टी आहेत. कंपनीचं ऑफिस बंगळुरूला असो की गुरुग्रामला, ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. एकसारखं गाऱ्हाणं असलेल्या अनेकांच्या वतीने आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार दाखल करता येते. आणि कलम १६ नुसार, ग्राहकांच्या समूहाच्या हक्कांचा भंग होत असल्याची तक्रार आली तर जिल्हाधिकारी आपल्या हद्दीत चौकशी करून केंद्रीय प्राधिकरणाला अहवाल देऊ शकतात. हे तिसरं कलम बहुतेकांना ठाऊक नसतं.

म्हणून माझी सूचना आपल्याच शहराला आहे. वाणिज्य आणि विधी महाविद्यालयांतली पोरं आणि ग्राहक संघटनांतली अनुभवी मंडळी, यांनी महिन्यातून एकदा एका सभागृहात बसावं. महागडे आणि स्वस्त, जुने आणि नवे, भरपूर खरेदी करणाऱ्यांचे आणि कधीमधी करणाऱ्यांचे असे फोन गोळा करावेत. घड्याळ लावून एकाच मिनिटाला तीच टॅक्सी, तेच तांदूळ, तीच औषधं बघावीत, स्क्रीनची चित्रं वेळेसकट जपावीत, आणि कोणाला कूपन होतं कोणाला नव्हतं हेही प्रामाणिकपणे नोंदवावं, नाहीतर पहिल्याच सुनावणीत सगळं उडेल. तक्ता तयार झाला की कलम १६ खाली अर्ज करून तो सिव्हिल लाइन्सला जिल्हाधिकारी कार्यालयात द्यावा, आणि त्याची एक प्रत मराठी वर्तमानपत्रांना. कंपनी म्हणेल की फरक कूपनचा आहे, मागणीचा आहे, त्या अर्ध्या मिनिटाचा आहे. तिने ते सहीशिक्क्यानिशी लिहून द्यावं, म्हणजे पुढच्या महिन्याचे फोन कोणत्या हिशेबाने निवडायचे ते ठरवता येईल.